नागपुरात मुहूर्त काढताना: पहिल्यांदाच पंचांग उघडणाऱ्यांसाठी

"तुमच्या लॉनमध्ये काय पुण्याचा सूर्य उगवून राहिला?" गुरुजींनी चष्म्याच्या वरून बघत विचारलं. माझ्या हातात लग्नपत्रिकेचं प्रूफ होतं.

लग्न धाकट्या बहिणीचं. मुलाकडचे पुण्याचे. मुहूर्त त्यांच्याकडूनच काढून आला होता: मे महिन्याच्या मध्यावर, दुपारी १२ वाजून २४ मिनिटं, कर्क लग्न. (पंचांगातलं 'लग्न' म्हणजे त्या क्षणी पूर्वेच्या क्षितिजावर उगवत असलेली रास.) मी तो जसाच्या तसा छापखान्यात देऊन टाकला होता. गुरुजींनी प्रूफच्या पाठीमागे पेन्सिलीने छोटीशी आकडेमोड केली आणि म्हणाले, "बाराचोवीसला पुण्यात कर्क लग्न आहे, बरोबर आहे. पण आपल्या नागपुरात तोवर सिंह लग्न लागून पाव तास होऊन जाते ना बापा." छपाई थांबवली आणि मुहूर्त १२:०३ वर आला. व्याह्यांना फोनवर हे समजावून सांगायला मला मात्र दोन दिवस लागले, कारण तेव्हा मलाच ते समजलं नव्हतं.

बाबांच्या पश्चात घरातल्या मुहूर्तांचं खातं माझ्याकडे आलं, तोवर मी पंचांग फक्त देवघरात पाहिलं होतं. साक्षगंध, लग्न आणि नंतर फ्लॅटची वास्तुशांत एवढं पार पाडताना जे उमगलं ते इथे क्रमाने लिहितो. मी ज्योतिषी नाही. माझा स्वतःचा विश्वास अर्धामुर्धा आहे, आईचा पूर्ण आहे. पण घरात मुहूर्त बघायचाच असं ठरलं असेल, तर तो चुकीच्या गावाचा बघण्यात काही अर्थ नाही.

१. पंचांग घ्या, आणि ते कोणत्या गावाचं आहे ते आधी बघा

भिंतीवरची दिनदर्शिका सणवार बघायला ठीक आहे, पण मुहूर्तासाठी पुस्तकाच्या रूपातलं पंचांग लागतं. दाते पंचांग किंवा तुमच्या घराण्यात चालत आलेलं दुसरं एखादं. ते महाल, इतवारीतल्या पूजासाहित्याच्या दुकानांतही मिळतं. घेताना शक वर्ष बघा. पंचांगाचं वर्ष गुढीपाडव्याला बदलतं, एक जानेवारीला नाही. इसवी सनातून ७८ वजा केले की पाडव्यानंतरच्या दिवसांचा शक येतो, म्हणजे १९ मार्च २०२६ च्या पाडव्यापासून शके १९४८. लग्न मे महिन्यात आणि हातात जुन्या वर्षाचं पंचांग, अशी फजिती फेब्रुवारीत खरेदी करणाऱ्यांची होते.

आता पहिलं पान उघडा आणि सूर्योदय, लग्न वगैरे कोणत्या ठिकाणाचं दिलंय ते शोधा. हे सगळ्यात महत्त्वाचं. घड्याळ सगळ्या देशाचं एक, ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं. सूर्य मात्र प्रत्येक गावाचा वेगळा. नागपूर साधारण ७९.१ अंशांवर, पुणे ७३.९ वर, मुंबई ७२.९ वर. एका अंशाला चार मिनिटं. म्हणून सूर्य आपल्याकडे पुण्याच्या सुमारे २१ आणि मुंबईच्या सुमारे २५ मिनिटं आधी माथ्यावर येतो. उगवण्या-मावळण्यातला फरक ऋतूप्रमाणे थोडा पुढेमागे होतो, कारण अक्षांशही वेगळे आहेत. विदर्भातल्या विदर्भातही बुलढाणा आपल्या बाराएक मिनिटं मागे आहे.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवली की पुढचा निम्मा गोंधळ टळतो. तिथी, नक्षत्र, योग, करण यांची संपण्याची वेळ देशभर घड्याळाने एकच असते, कारण ती चंद्र-सूर्याच्या आकाशातल्या जागेवरून ठरते. सूर्योदय, सूर्यास्त, चंद्रोदय, लग्न, राहुकाळ, अभिजित, गोरज हे सगळं गावागणिक बदलतं. पहिल्या गटातलं मुंबईच्या पंचांगातून बिनधास्त घ्या. दुसऱ्या गटातलं घेतलंत तर तुमचं माझ्यासारखं होईल.

ज्यांच्या घरी संकष्टीचा उपास असतो त्यांना हे न शिकवता कळतं. मुंबईचा चंद्रोदय बघून आमची आई वर्षानुवर्षं वीस-पंचवीस मिनिटं जास्त उपाशी राहिली. चंद्र वर आलेला दिसत असूनही.

मोबाइलवरची अ‍ॅप चालतात, पण आत जाऊन ठिकाण 'नागपूर' आहे का ते बघा. काही अ‍ॅप मुळात दिल्ली किंवा उज्जैनवर असतात. महिना 'अमांत' ठेवा, नाहीतर पायरी ३ मधला घोळ होईल.

आणखी एक सावधगिरी. काही घराण्यांत टिळक पंचांग पाळतात. त्याचं अयनांश, म्हणजे राशिचक्र कुठून मोजायचं तो आरंभबिंदू, वेगळा आहे, त्यामुळे कधीकधी अधिक मास आणि सणही वेगळे येतात. सोयरीक अशा घराशी असेल तर पहिल्याच बैठकीत 'आपण कोणतं पंचांग धरायचं' हे ठरवून टाका. दोन पंचांगं समोर ठेवून भांडण्यात मजा नाही.

२. पाच अंगं वाचायला शिका

तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. शाळेत पाठ केलेलं असतं, अर्थ कुणी सांगत नाही.

तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या किती पुढे गेला त्याचं माप. दर १२ अंशांना एक तिथी, महिन्याला ३०. चंद्राची चाल कमीजास्त होते, म्हणून एक तिथी कधी वीस तासांत आटोपते, कधी सव्वीस-सत्तावीस तास रेंगाळते. म्हणूनच ती दुपारी सव्वातीनला बदलते किंवा पहाटे चारला, कशीही. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाच्या नावावर लागते. एखादी सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्या सूर्योदयाच्या आत संपली तर तिचा क्षय. एखादीने दोन सूर्योदय पाहिले तर वृद्धी.

इथेही गाव आडवं येतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नागपूरचा सूर्योदय साधारण ६:०३ ला, मुंबईचा ६:२८ ला. समजा एखादी तिथी सकाळी ६:१५ ला संपते. नागपुरात सूर्य उगवताना ती चालू होती, मुंबईत उगवायच्या आतच संपली. तीच तिथी, तोच दिवस, पण दोन शहरांच्या पंचांगांत वेगळी नोंद. अशा वेळी दोन्हींपैकी कुणीही चुकलेलं नसतं.

वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. बुधवारी पहाटे तीनला जन्मलेलं मूल पंचांगाच्या लेखी मंगळवारचं.

नक्षत्रं २७, प्रत्येक १३ अंश २० कलांचं. चंद्र ज्यात असेल ते त्या दिवसाचं. योगही २७, सूर्य आणि चंद्राच्या स्थानांची बेरीज करून काढलेले. त्यातले व्यतीपात आणि वैधृती मंगलकार्याला पूर्ण टाळतात, एवढं सध्या पुरे. करण म्हणजे अर्धी तिथी. करणं ११ आहेत, पण तुम्ही ओळखायचं एकच: विष्टी. तिलाच भद्रा म्हणतात. राखीपौर्णिमेला दर दोनतीन वर्षांनी 'भद्रा आहे, राखी कधी बांधायची' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर जी धावपळ होते ती हिच्यामुळे. पौर्णिमेच्या पूर्वार्धात भद्रा असतेच, तिथी किती वाजता लागली त्यावर ती दिवसा येते की रात्री, एवढाच काय तो प्रश्न.

वाचताना दोन ठेचा लागतात. काही पंचांगांत मध्यरात्रीनंतरची वेळ २४ च्या पुढे मोजतात. २६:१० म्हणजे रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं, छपाईची चूक नव्हे. मी एकदा ती चूक समजून दुकानदाराला पंचांग परत करायला गेलो होतो. दुसरं, जुन्या पद्धतीचे गुरुजी घटिका-पळांत बोलतात. घटिका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं, आणि मोजणी सूर्योदयापासून. 'दहा घटिका' ऐकून दहा वाजता हजर होऊ नका.

३. महिन्याचं नाव ऐकून हुरळू नका

नागपुरात हे जास्त जपावं लागतं, कारण इथे निम्मा मोहल्ला हिंदी बोलतो. आपला महिना अमावास्येला संपतो, म्हणजे अमांत. उत्तरेकडच्या मंडळींचा पौर्णिमेला संपतो, म्हणजे पूर्णिमांत. शुद्ध पक्षात दोघांचं महिन्याचं नाव एकच असतं, वद्य पक्षात त्यांचा महिना एकाने पुढे. म्हणून शेजारच्या मिश्राजींकडे सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि आपले श्रावणी सोमवार चालू असताना त्यांचं सगळं आटोपत आलेलं असतं.

सोयरीक आंतरप्रांतीय असेल, आणि हल्ली असतेच, तर महिना-तिथीत बोलू नका. इंग्रजी तारीख बोला. 'जेठ वदी पंचमी' आणि 'ज्येष्ठ वद्य पंचमी' यांत महिन्याभराचा फरक पडतो.

४. आधी मोठी चाळणी लावा

गुरुजींकडे जाण्याआधी हे घरीच करता येतं. लग्नासाठी कोणते काळ सरळ बाद होतात ते बघून घ्या.

चातुर्मास: आषाढी ते कार्तिकी एकादशी. २०२६ मध्ये २५ जुलै ते २० नोव्हेंबर. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लागतात. पंचांगांत या काळातलेही काही मुहूर्त 'आपत्कालीन' किंवा 'गौण' म्हणून दिलेले असतात. मुलगा परदेशातून दहाच दिवस येणार असेल तर गुरुजी त्यातला काढून देतात, कुरकुरत का होईना.

अधिक मास: ज्या चांद्र महिन्यात सूर्य राशी बदलत नाही तो. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. म्हणजे लग्नसराईचा ऐन मोक्याचा महिनाच गेला. लॉनवाले याला 'ऑफ सीझन' म्हणून सूट देतात ते उगीच नाही.

पौष, म्हणजे ढोबळमानाने संक्रांतीआधीचे दिवस. पितृपक्ष तर कुणालाच सांगावा लागत नाही.

गुरू आणि शुक्राचा अस्त: हे ग्रह सूर्याच्या फार जवळ आले की दिसेनासे होतात. तो काळ मंगलकार्याला वर्ज्य. गुरूचा अस्त साधारण तेरा महिन्यांतून एकदा येतो आणि महिनाभर राहतो. शुक्राचा कधी आठ-दहा दिवसांचा, कधी जवळजवळ दोन महिन्यांचा. आम्हाला याचा फटका बसला. बहिणीचं लग्न खरं तर २०२४ च्या मे महिन्यात करायचं होतं. नातेवाईकांना तोंडी सांगून झालं, दोन लॉन बघून झाले, आणि मग कळलं की गुरू आणि शुक्र दोघेही त्या उन्हाळ्यात अस्त पावलेले आहेत. मे रिकामा, जून रिकामा. एक वर्ष थांबलो. पंचांगात अस्त-उदयाच्या तारखांचं वेगळं पान असतं, ते आधी उघडलं असतं तर आत्याला दोनदा तिकीट काढावं लागलं नसतं.

सिंहस्थ गुरू: हा मुद्दा नागपूरकरांनी मुद्दाम वाचावा. गुरू बारा वर्षांतून एकदा सिंह राशीत येतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ तोच. या वेळी त्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे. सिंहस्थात लग्न करू नये असा जो नियम सांगतात तो मुहूर्तग्रंथांत मुख्यतः गोदावरीच्या उत्तर काठापासून गंगेच्या दक्षिण काठापर्यंतच्या प्रदेशाला लावलेला आहे. आता नकाशा बघा. पुणे, सातारा, कोल्हापूर गोदावरीच्या दक्षिणेला. नागपूर उत्तरेला. त्यामुळे पुण्याचे व्याही 'आमच्याकडे चालतं' म्हणतील आणि तुमचे गुरुजी मान हलवतील, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील. याला अपवादही पुष्कळ आहेत: गुरू मघा नक्षत्रातून पुढे गेला की, सूर्य मेषेत असला की, वगैरे. कार्य कुठे होणार हे गुरुजींना पहिल्या वाक्यात सांगा, अपवाद त्यांना शोधू द्या.

५. मुहूर्त कोणत्या जातीचा हवाय ते ठरवा

साडेतीन मुहूर्त, म्हणजे गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि अर्धा बलिप्रतिपदेचा. दुकान, गाडी, घराचं बुकिंग यांना उत्तम, वेगळं काही बघावं लागत नाही. पण साडेतीनातला मिळाला म्हणून लग्न तिथेच लावायचं असं नाही. दसरा आणि बलिप्रतिपदा तर चातुर्मासात येतात, हे आमच्या काकांना साठाव्या वर्षी कळलं.

अभिजित: दिवसाचे १५ भाग केले तर आठवा, म्हणजे मध्यान्हाच्या आगेमागे चोवीस-चोवीस मिनिटं. 'दुपारी बारा म्हणजे अभिजित' हे ठोकताळा म्हणून ठीक. नागपूरचा खरा मध्यान्ह मात्र नोव्हेंबरच्या सुरुवातीला ११:५७ ला आणि फेब्रुवारीच्या मध्यावर १२:२८ ला असतो. फेब्रुवारीत बाराला अभिजित म्हणून नारळ फोडलात तर तो लागायचाच असतो. बुधवारी अभिजित घेत नाहीत.

गोरज: सूर्यास्ताच्या आगेमागचा, गाई घरी परतायचा वेळ. मे महिन्यात नागपुरात भर दुपारी मांडवात उभं राहणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. पारा ४४-४५ वर, कूलरमधून गरम वारा, आणि नवरदेव शेरवानीत. म्हणून आपल्याकडे गोरजाचं लग्न लोकांना सोयीचं वाटतं. मेच्या मध्यावर सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होतो, मुंबईपेक्षा वीसेक मिनिटं आधी. पत्रिकेवर वेळ छापताना इथेही तीच चूक होते.

काढीव मुहूर्त: दोघांच्या पत्रिका, नक्षत्र आणि लग्नशुद्धी, म्हणजे त्या वेळची उगवती रास चांगली आहे ना, ते बघून काढलेला. विवाहाची नक्षत्रं परंपरेने अकरा मानतात: रोहिणी, मृग, मघा, उत्तरा फाल्गुनी, हस्त, स्वाती, अनुराधा, मूळ, उत्तराषाढा, उत्तराभाद्रपदा, रेवती. पंचांगातले छापील विवाहमुहूर्त यांच्यावरच बेतलेले असतात. ते सर्वांसाठी असतात, तुमच्यासाठी नाही. त्यासाठी पुढची पायरी.

आणि राहुकाळ? दिवसाचे आठ भाग, त्यातला वारानुसार एक: सोमवारी दुसरा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा, रविवारी आठवा. दक्षिणेत याचा दरारा मोठा, आपल्याकडे तो हल्लीच्या दिनदर्शिकांमुळे शिरला. आमचे गुरुजी लग्नाच्या मुहूर्तात त्याला फारसं विचारत नाहीत. पाळायचाच तर निदान नीट पाळा. 'रविवार साडेचार ते सहा' हा तक्ता दिवस सहा ते सहाचा धरून केलेला आहे. नागपुरात मेच्या मध्यावर दिवस तेरा तासांहून मोठा, त्यामुळे रविवारचा राहुकाळ ५:०५ च्या सुमारास लागून सूर्यास्तालाच संपतो. राहुकाळ गेला म्हणून सव्वासहाला नव्या गाडीला हार घालणारे शेजारी मी पाहिले आहेत. मी काही बोललो नाही, गाडी अजून चांगली चालते.

६. ताराबल आणि चंद्रबल घरच्या घरी बघा

हे बोटांवर होतं. गुरुजींनी चार तारखा दिल्या की त्यातली आपल्याला कोणती बरी, हे बघायला उपयोगी.

ताराबल: जन्मनक्षत्र १ धरून मुहूर्ताच्या नक्षत्रापर्यंत मोजा. नऊच्या वर आकडा गेला तर नऊने भागून बाकी घ्या. बाकी ३ (विपत्), ५ (प्रत्यरी) किंवा ७ (वध) आली तर टाळा. बाकी शून्य म्हणजे नववी तारा, ती चांगली. बहिणीचं जन्मनक्षत्र मृग. मुहूर्ताला उत्तरा फाल्गुनी असेल तर मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा: आठ. मित्रतारा, उत्तम. तेच रेवती असेल तर मोजणी २३ येते, दोन वेळा नऊ वजा करून ५. प्रत्यरी. म्हणजे रेवती विवाहाचं नक्षत्र असूनही तिच्यासाठी नाही. छापील मुहूर्त सगळ्यांना चालत नाही म्हणतात तो असा.

चंद्रबल: जन्मराशीपासून मोजून चंद्र चौथा, आठवा किंवा बारावा नको. वधू-वर दोघांसाठी बघा.

७. गुरुजींकडे जाताना हे घेऊन जा

- दोघांची जन्मतारीख, वेळ, जन्मगाव. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर सहसा वेळ नसते, दवाखान्याचं जुनं कार्ड शोधा. रात्री बाराच्या आसपासचा जन्म असेल तर 'तारीख कोणती' हे आईला विचारून पक्कं करा.
- असतील तर पत्रिका, गोत्र, कुलदैवत.
- कार्याची जागा, नुसतं 'नागपूर' नाही. लॉन कामठीला असो की हिंगण्याला, फरक सेकंदांचाच. पण कार्य ऐनवेळी मुलाकडच्या गावी ठरलं तर वेळ नव्याने काढावी लागते.
- मिळू शकणाऱ्या तारखांची यादी, लॉनवाल्याला विचारून आणलेली.
- घरातल्या अडचणी: परीक्षा, बाळंतपण, सुतक. संकोच करू नका.

एकच तारीख मागू नका, तीन-चार मागा. आणि मुहूर्त कागदावर लिहून घ्या: तारीख, वेळ, लग्न, नक्षत्र, आणि 'हे गणित नागपूरचं' हे शब्द. हा कागद व्याह्यांना तसाच पाठवला की फोनवरचे दोन दिवस वाचतात.

दक्षिणा आधीच विचारा. गुरुजी 'तुम्ही द्याल ते' म्हणतात, तेव्हा हसून पुन्हा एकदा विचारा.

८. तारीख पक्की करण्याआधी शहराचं पंचांग बघा

हे कुठल्याच पुस्तकात नसतं. दसऱ्याला गाडी घ्या, पण त्या दिवशी वास्तुशांत ठेवून पाहुण्यांना शहराच्या या टोकाकडून त्या टोकाला बोलवू नका. १४ ऑक्टोबर १९५६ ला, विजयादशमीला, बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून दरवर्षी दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सव असतो, आणि रस्ते वळवलेले असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्हा पोळ्याला, महाल-इतवारीत काळी-पिवळी मारबत निघते. त्या भागात त्या दिवशी कसलंही सामान आणायला जाऊ नका. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई आणि अधिवेशन एकत्र आलं की हॉटेलांतल्या खोल्यांसाठी तुमची गाठ आमदारांच्या माणसांशी पडते. पाहुण्यांच्या खोल्या मुहूर्त निघाला त्याच दिवशी धरा.

गोरजाचं लग्न असेल तर जेवणं रात्रीवर जातात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा कायदा आहे. वाजंत्रीवाल्याशी बोलताना हे आधी सांगा.

९. त्या दिवशी

मुहूर्ताची वेळ म्हणजे अंतरपाट बाजूला होण्याची वेळ, मंगलाष्टकं सुरू करण्याची नाही. अंतरपाटाच्या वेळेपासून दहा-बारा मिनिटं मागे मोजून मंगलाष्टकं सुरू करायची, म्हणजे वधू-वर त्याही आधी पाटावर हवेत. आपल्याकडे वरात वेळेवर येणं हा एक स्वतंत्र ग्रहयोग आहे. पत्रिकेवर ११:५० आणि नवरदेव अजून चौकात नाचून राहिला, हे ज्याने पाहिलेलं नाही असा नागपूरकर मला दाखवा. त्यावर उपाय एकच, वरातीसोबत एक खमका माणूस द्या. आम्ही मामाला दिलं होतं. त्याने बँडवाल्याला बाजूला घेऊन काय सांगितलं ते तो आजही सांगत नाही, पण वरात साडेअकराला दारात होती.

घड्याळ एकच ठरवा, मोबाइलचं, आणि ते गुरुजींच्या समोर ठेवा. मांडवातल्या भिंतीवरचं घड्याळ काढून घ्या, ते हमखास पाच मिनिटं पुढे असतं आणि कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवतंच.

गुरुजी निघण्याआधी विवाह नोंदणीच्या अर्जावर त्यांची सही घ्या. अर्ज, दोघांचे फोटो, साक्षीदारांची ओळखपत्रं आणि लग्नपत्रिका एका पाकिटात आधीच भरून ठेवा. नंतर सहीसाठी गुरुजींना शोधायला गेलात तर लग्नसराईत ते तुम्हाला कुठल्या ना कुठल्या मांडवातच सापडतील. पत्रिकेची एक प्रत नोंदणीला लागते, म्हणून तिच्यावरची तारीख आणि ठिकाण प्रत्यक्षाशी जुळायला हवं.

आणि मे महिन्यातलं दुपारचं लग्न असेल तर अंतरपाट धरणाऱ्या दोघांना आधी पाणी पाजा. आमच्याकडे एकाला आठव्या मंगलाष्टकाला भोवळ आली, १२:०१ ला अंतरपाट एका बाजूने खाली गेला आणि बहिणीने नवऱ्याला मुहूर्ताच्या दोन मिनिटं आधी बघितलं. गुरुजींनी दुसऱ्याच्या हातात टोक दिलं, अंतरपाट पुन्हा वर केला आणि १२:०३ ची वाट बघत एक जास्तीचं मंगलाष्टक म्हटलं.